माजघरातली तुळई आणि साडेतीन किलोची गिटार

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, एक टेम्पो माझ्या गाळ्यासमोर येऊन थांबला. मागे एकच वस्तू होती: सव्वानऊ फूट लांब, पाच बाय सात इंचांची सागाची तुळई. एक बाजू चुलीच्या धुरानं काळीभोर, दुसऱ्या बाजूला चुन्याचे थर, आणि मधोमध हातभर अंतरावर दोन भोकं. टेम्पोतून उतरलेल्या गृहस्थांनी त्या भोकांवरून हात फिरवला. म्हणाले, "इथं पाळण्याच्या कड्या होत्या. मी ह्याच पाळण्यात होतो, माझी बहीण होती, आणि हीसुद्धा." ही म्हणजे त्यांची भाची, चोवीस-पंचवीस वर्षांची. गिटार तिच्यासाठी करायची होती.

मी नाशकात मखमलाबाद रस्त्यावर दोन गाळ्यांत इलेक्ट्रिक गिटार बनवतो. नऊ वर्षं झाली. वर्षाला सहा-सात होतात, त्याहून जास्त नाही. त्याआधी चौदा वर्षं सातपूरच्या एका टूलरूममध्ये होतो, त्यामुळे हाताला रंध्याच्या आधी मायक्रोमीटरची सवय लागली. जुन्या नाशकातले वाडे एकेक करून उतरत आहेत आणि वाड्याच्या लाकडाची गिटार करून द्याल का, असं विचारत येणारे वाढले आहेत, म्हणून हे काम सविस्तर लिहितो आहे. ह्यात माझा एक निर्णय बरोबर आला आणि एक पायरी साफ चुकली. दोन्हींची मापं वहीत आहेत.

एकाच घरातल्या दोन मागण्या

वाडा पंचवटीतला. १९६९ च्या महापुरात तळमजल्यात पाणी शिरलं होतं, पण तुळईपर्यंत पोचलं नव्हतं, हे मामांनी मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. वाडा उतरवला तेव्हा बाकीचं सगळं लाकूड जुन्या मालाच्या व्यापाऱ्यानं उचललं. माजघरातली ही एक तुळई मामांनी ठेवून घेतली आणि दोन वर्षं गच्चीच्या जिन्याखाली आडवी टाकली.

"भाऊ, अख्खी गिटार ह्याच लाकडाची झाली पाहिजे," मामा म्हणाले. "बाहेरचा तुकडा नको."

भाची गप्प होती. मामा चहा सांगायला टपरीवर गेले तेव्हा ती म्हणाली, "काका, माझी आत्ताची गिटार सव्वाचार किलोची आहे. दोन तास उभं राहून वाजवलं की डावा खांदा दुसऱ्या दिवशी उचलत नाही. मामाला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही. पण मला हलकी हवी."

ती बँकेत नोकरी करते, चौघांच्या ग्रुपमध्ये गाते आणि वाजवते. कार्यक्रम कधी गंगापूर रोडवरच्या एखाद्या हॉटेलात, कधी लग्नात, दिवाळी पहाटेला हमखास. हात लहान. पहिल्या तीन फ्रेटवरचे, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवरचे, पसरट कॉर्ड धरताना तिची करंगळी ताणली जाते, हे मी तिला वाजवायला लावून पाहिलं.

अशा वेळी मी आधी वजनाचा हिशेब मांडतो, कारण त्याला भावना नसते. ह्या आकाराच्या बॉडीचं घनफळ साधारण ४.२ लिटर भरतं. सुक्या सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५५ किलो, म्हणजे नुसती बॉडी पावणेतीन किलो. नेक म्हणजे दांडा, चाव्या, तारा धरणारा ब्रिज, तारेची थरथर पकडणारा पिकअप आणि तारा मिळून दीड किलो धरा. बेरीज सव्वाचार किलो. तिच्या दुखऱ्या खांद्यावर आत्ता तेवढंच ओझं आहे. बॉडी आतून पोकळ करून अर्धा-पाऊण किलो उतरवता आलं असतं, पण त्यासाठी वर वेगळी फळी चिकटवावी लागते. सागासारख्या तेलकट लाकडात जेवढे सांधे कमी तेवढं बरं. त्या दिवशी हे मी अनुभवाच्या जोरावर म्हणालो. डिसेंबरात ते माझ्याच अंगावर आलं, ते पुढे येईल.

बॉडीसाठी माझ्या डोळ्यासमोर शिवण होती. आपल्याकडची शिवण घनमीटरला साडेचारशे ते पाचशे किलो भरते, अमेरिकेतल्या गिटारींना लागणाऱ्या आल्डरच्या जवळपास. एकदा नीट सुकली की फारशी हलत नाही, आणि राउटरखाली लोण्यासारखी चालते. माझ्याकडे चार वर्षं सुकवलेल्या दोन फळ्या होत्या. त्यातून बॉडी दोन किलोला उतरली असती.

जुनं लाकूड कुठे घालायचं

तुळई गाळ्यात आणून ठेवली आणि चार दिवस मी तिच्याभोवती फिरत होतो. वाड्याचं लाकूड म्हटलं की प्रत्येकाला ते बॉडीवर, दर्शनी भागावर हवं असतं. गिटार स्टँडवर उभी केली की पाहुण्यांना दिसावं, कुणी विचारावं, आपण सांगावं. ह्यात गैर काही नाही. पण इलेक्ट्रिक गिटारच्या बॉडीला लाकडाच्या वयाचा फारसा उपयोग होत नाही. तिला ब्रिज आणि पिकअप घट्ट धरायचे असतात आणि माणसाच्या अंगाला नीट बसायचं असतं. आवाजात मोठा वाटा तारा, पिकअप आणि तारेपासूनच्या त्याच्या अंतराचा असतो. शंभर वर्षांच्या लाकडाचा आवाज वेगळा येतो असं मी कुठल्याही ग्राहकाला सांगत नाही.

नेकचं तसं नाही. साध्या दहा नंबरच्या सेटमधल्या सहा तारा ६४८ मिमीच्या स्केलवर, म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीवर, सुरात आणल्या की मिळून सुमारे ४७ किलोचा ताण पडतो. हा ताण वीस-एकवीस मिमी जाडीची काठी रात्रंदिवस सोसत असते. ती पाव मिमीनं जरी भलतीकडे वाकली तरी वाजवणाऱ्याच्या बोटाला कळतं. तिथे न हलणारं लाकूड लागतं. सागाचा खरा गुण तोच.

नेकला जगभर वापरलं जाणारं हार्ड मेपल आणि साग ह्यांचे आकडे मी मामांसमोर वहीत लिहून दाखवले. ताठपणा जवळजवळ सारखा: मेपल १२.६ गिगापास्कल, साग १२.३. वजनात साग थोडा हलका, ७०५ च्या जागी ६५५. पण ओल्याचं सुकं होताना मेपल वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं जवळजवळ १० टक्के आक्रसतं, साग पाच-साडेपाच. म्हणजे पावसाळ्यातून उन्हाळ्यात जाताना साग निम्मंच हलतो. त्यात ही तुळई कित्येक पावसाळे आणि उन्हाळे पाहून मुरलेली.

आकडे मामांना पटले असावेत, पण चेहरा उतरला होता. मग मी भाचीला म्हणालो, "गिटार वाजवताना तुझा हात बॉडीला किती वेळ लागतो आणि नेकला किती?" तिनं डावा हात उचलून हवेत नेक धरल्यासारखा धरला आणि मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "म्हणजे तुळई हिच्या मुठीत राहील." मी म्हटलं, "सबंध वेळ." त्यानंतर बॉडीचा विषय त्यांनी काढला नाही. एकच अट घातली: कड्यांच्या भोकाजवळचं काळं लाकूड कुठेतरी दिसलं पाहिजे.

चिरताना

वाड्यांच्या लाकडात लोहारानं घडवलेले खिळे असतात आणि त्यांची डोकी कधीच गंजून गेलेली असतात. वरून काही दिसत नाही. मी दोऱ्याला जोरदार चुंबक बांधून तुळईच्या चारही बाजूंवरून हळूहळू फिरवला. सात ठिकाणी तो ओढला गेला, सातही खिळे काढले. आठवा लाकडात दीड इंच आत होता. तो बँड सॉच्या पात्याला सापडला, पात्याचे दात गेले. तेव्हापासून मी प्रत्येक चीर घेतल्यावर उघड्या पडलेल्या बाजूवर पुन्हा चुंबक फिरवतो.

तुळईच्या मधोमध गाभा होता आणि त्यातून तडे चारी दिशांना गेले होते. गाभा सोडून दोन्ही कडांचं लाकूड घ्यायचं, आणि वाढीची वर्तुळं आडव्या छेदात उभी दिसतील अशी चीर घ्यायची, म्हणजे पट्टी कमीत कमी हलते. सव्वानऊ फुटांतून मला नेकजोग्या सहाच पट्ट्या मिळाल्या.

पहिली पट्टी पात्यातून सुटली तशी माझ्या डोळ्यांदेखत वाकली. सपाट फरशीवर ठेवून पाहिलं तर मधोमध ४ मिमी. जुनं लाकूड म्हणजे हलायचं थांबलेलं लाकूड, असा समज असतो. पण तुळईनं कित्येक वर्षं वरच्या मजल्याचा भार घेतलेला असतो. तो ताण तिच्या रेघेत दाबून बसलेला असतो आणि चिरल्यावर सुटतो. म्हणून सगळ्या पट्ट्या हव्या त्या मापापेक्षा ५-६ मिमी जास्त जाड ठेवल्या, मध्ये काड्या घालून रचल्या आणि तीन आठवडे हात लावला नाही. मग रंधून सरळ केल्या, पुन्हा दहा दिवस थांबलो. दुसऱ्या खेपेला सर्वांत वाईट पट्टी अर्ध्या मिमीनं हलली होती. चांगल्या तीन निवडल्या आणि एकीचा वाक दुसरीनं अडवावा अशा उलटसुलट लावून चिकटवल्या. हे तीन पट्ट्यांचे सांधे ताज्या रंधलेल्या लाकडावर, लगेच, त्याच तासात झाले. ते आजतागायत टिकलेत.

पाट, म्हणजे नेकवर चिकटवायची आणि फ्रेट जिच्यात बसतात ती फळी, शिसवाचा. आपल्या पश्चिम घाटात होणारं हे लाकूड जगभरच्या गिटारींवर जातं. जानेवारी २०१७ पासून ह्या जातीच्या सगळ्या लाकडांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली, तेव्हा साधी गिटार देशाबाहेर पाठवायलाही कागद लागत होते. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

आकार

स्केल ६२८ मिमी घेतलं. पहिल्या फ्रेटचं अंतर काढायला स्केलला १७.८१७ नं भागायचं. ६४८ ला ते ३६.४ मिमी येतं, ६२८ ला ३५.२. म्हणजे पहिल्याच घरात एक मिमीच्या वर फरक, आणि तीन-चार घरांचा कॉर्ड धरताना तो साचत जातो. ताणही साधारण तीन किलोनं उतरतो. तिच्या करंगळीचा प्रश्न एवढ्यावर सुटला.

खरी काळजी तोलाची होती. बॉडी हलकी आणि नेक सागाचा, म्हणजे गिटार मान टाकणार. पट्ट्यावर लटकवून हात सोडला की नेक खाली जातो, मग वाजवणाऱ्याला डाव्या हातानं तो उचलून धरावा लागतो, आणि खांद्याचं दुखणं मनगटात जातं. ह्याचं गणित कागदावर करता येतं, पण माझा त्यावर भरवसा नाही. मी १८ मिमीच्या प्लायवर आकार कापला, जुना नेक लावला, मागे किराणा दुकानातली लोखंडी वजनं चिकटपट्टीनं बांधली आणि तिला चाळीस मिनिटं उभं केलं. वरचं शिंग असं लांबवलं की पट्ट्याचं बटण बाराव्या फ्रेटच्या रेषेत आलं. तरी पहिल्या नमुन्यानं मान टाकलीच. शिंग आणखी १५ मिमी वाढवलं, ब्रिज थोडा मागे घेतला, चाव्या छोट्या हलक्या निवडल्या. तिसऱ्या नमुन्याला तिनं दोन्ही हात सोडले आणि गिटार जागच्या जागी राहिली. त्या आकाराची रेघ मी शिवणीच्या फळीवर ओढली.

नेक बॉडीला चिकटवला नाही, चार मशीन स्क्रूंनी बसवला. लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये बाजारात आणलेल्या गिटारीपासून ही रीत सर्वदूर झाली आणि दुरुस्तीला तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. ह्या कामात मला तिनंच तारलं.

पिकअप दोन्ही हंबकर. लग्नाच्या मांडवात जनरेटर, ट्यूबलाइट आणि डिमर एका वायरवर असतात, तिथे एकेरी कॉइलचा पिकअप ५० हर्ट्झची घरघर सतत ऐकवतो. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्यावर उपाय काढला, तोच हंबकर. दोन कॉइल शेजारी, चुंबकाची दिशा उलट, वेटोळ्यांची दिशाही उलट. बाहेरची घरघर एकमेकींना मारते आणि तारेचा संकेत जुळून येतो. प्रत्येक कॉइलला पाच हजारांच्या आसपास वेटोळी घातली, ५०० किलोओमचे पॉट, टोनला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

हे काम नव्यानं करणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट नोंदवतो. परदेशी पुस्तकांत पिकअपला ४२ नंबरची तार सांगतात. ती अमेरिकी गेज, ०.०६३ मिमी. आपल्याकडे मोटार वाइंडिंगच्या दुकानात ४२ नंबर मागितला की ब्रिटिश गेजची तार मिळते, ती ०.१ मिमीची, दीडपटीहून जाड. पाच हजार वेटोळी बॉबिनवर बसतच नाहीत. दुकानात ४६ नंबर मागायचा, तो ०.०६१ मिमी असतो. मी हे शिकण्यात अख्खं एक रीळ घालवलं.

हेडस्टॉकच्या, म्हणजे चाव्या बसतात त्या टोकाच्या, दर्शनी बाजूला कडीच्या भोकाशेजारचा ३ मिमीचा काप लावला. लोखंडाभोवती लाकूड काळं पडलेलं असतं, तो काळा ओघळ वरच्या दोन चाव्यांच्या मधून खाली येतो.

चूक

ऑगस्टमध्ये ज्या आठवड्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं, त्या आठवड्यात माझ्या भिंतीवरचा आर्द्रतामापक ८० च्या खाली उतरला नव्हता. शनिवारी संध्याकाळी नेकची वरची बाजू रंधून आरशासारखी केली. शिसवाचा पाट तयार होता. गोंद लावणार तेवढ्यात मामा आले, गप्पा निघाल्या, मग वीज गेली. मी काम तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुक्या कपड्यानं पुसलं, सुताराचा पांढरा गोंद लावला, क्लॅम्प आवळले.

सागाच्या आतलं तेल रंधल्यावर हळूहळू पृष्ठभागावर येतं. रात्रभरात डोळ्याला दिसणार नाही असा थर बसतो. त्यावर पाण्याचा गोंद धरल्यासारखा वाटतो, पण लाकडात शिरत नाही. हे मला माहीत होतं. पट्ट्या जोडताना मी ते पाळलं होतं. पाटाच्या वेळी रंधा पुन्हा एकदा फिरवला नाही, एवढीच ती चूक.

गणपतीनंतर गिटार जुळली. वजन ३ किलो ४१० ग्रॅम. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली १.८ मिमी फट, बारीक तारेखाली १.५. दिवाळी पहाटेला ती वाजवत होती तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. तासाभरानं तिनं खांदा झटकला नाही, हे मी पाहत होतो. मामा शेजारी होते. त्यांनी गाणं किती ऐकलं कुणास ठाऊक, नजर हेडस्टॉकवरून हलत नव्हती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला. "काका, वरच्या फ्रेटवर खरखरतंय."

नाशकात त्या दिवसांत पहाटे कडाका असतो आणि हवा कोरडी. थंडीत नेक थोडा हलतोच, म्हणून मी ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली त्याचा वाक आवरणारी सळी, पाव आटा फिरवला आणि दोन दिवस गिटार ठेवून घेतली. खरखर तशीच. इथे मी दोन दिवस वाया घालवले. ट्रस रॉडचा जोर नेकच्या मधल्या भागावर चालतो. बॉडीत शिरणाऱ्या टोकाशी, हीलपाशी, त्याचं काही चालत नाही, आणि खरखर पंधराव्या फ्रेटच्या पुढेच होती.

तिसऱ्या दिवशी तारा काढून फ्रेटवर स्ट्रेट एज धरली. पहिल्यापासून पंधराव्यापर्यंत पट्टी नीट बसत होती. सतराव्यापासून पुढे पाट चढत गेला होता, बाविसाव्याशी जवळजवळ पाव मिमी. म्हणून चौदाव्या घरात दाबलेली तार एकोणिसाव्याला घासत होती. नेक सोडवला, हीलच्या टोकाशी भिंग लावलं. साग आणि शिसव ह्यांच्या मधे केसासारखी रेघ. ०.०५ मिमीचं फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पत्री, त्यात सरकवलं तर बोटभर आत गेलं.

मी तो नेक टेबलावर ठेवून बराच वेळ बसून राहिलो. टूलरूममध्ये बिघडलेला तुकडा भंगारात जातो आणि नवा घेता येतो. ह्या पट्ट्या सहाच होत्या, आणि त्या पाळण्याच्या होत्या.

भाचीला फोन करून जसं होतं तसं सांगितलं: सांधा सुटला आहे, चूक माझी आहे, खर्च माझा, वेळ लागेल. ती म्हणाली, "मामाला मी सांगते." मी म्हटलं, "नको, मी सांगतो." मामांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लाकूड वाचेल ना?"

तपासणी आणि दुरुस्ती

दुरुस्तीला हात लावण्याआधी त्याच तुळईच्या उरलेल्या तुकड्यांवर शिसवाचे तुकडे लावून सहा जोड्या चिकटवून पाहिल्या. दोन ताज्या रंधून लगेच, दोन रंधून एक दिवस उघड्या ठेवून, दोन एक दिवस उघड्या ठेवून मग ॲसिटोननं पुसून. प्रत्येक प्रकारात एक जोडी पांढऱ्या गोंदानं, एक दोन भागांच्या संथ इपॉक्सीनं. आठवड्यानं पटाशी आणि हातोडीनं फोडल्या. बघायचं एकच: तुकडा लाकडातून फाटतो की गोंदाच्या रेषेत स्वच्छ सुटतो. एक दिवस उघड्या ठेवलेल्या पांढऱ्या गोंदाच्या जोडीनं एका फटक्यात साथ सोडली, दोन्ही बाजू काचेसारख्या स्वच्छ. ॲसिटोननं पुसलेली अर्धीमुर्धी फाटली. ताज्या रंधलेल्या दोन्ही जोड्यांनी लाकूड ओरबाडून आणलं, आणि इपॉक्सीच्या जोडीत शिसवच मधून चिरलं. सहा तुकड्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, पण माझ्या नेकला काय झालं ते कळायला तेवढे पुरे होते.

मग पाट काढला. घरातली इस्त्री, मध्यम गरम, फ्रेटवर ओलसर फडकं. पांढरा गोंद ऊब लागली की मऊ पडतो. पातळ पोलादी पट्टी हीलकडून आत घातली आणि बोट-बोट पुढे सरकवली. हीलपासून बाराव्या फ्रेटपर्यंत ती जवळजवळ आपोआप गेली, म्हणजे तिथेही पकड नावालाच होती. पुढचा भाग मात्र घट्ट निघाला, तिथे सागाचे धागे पाटाला चिकटून आले. अख्ख्या पाटाला दीड तास लागला. नेक रात्रभर पाट्यावर दाबून ठेवला.

सकाळी दोन्ही बाजूंचा गोंद खरवडला, हातरंध्याचे दोन हलके हात फिरवले, ॲसिटोननं पुसलं, दहा मिनिटं वाळू दिलं आणि लगेच इपॉक्सी. पाट सरकू नये म्हणून दोन बारीक खिळ्यांची डोकी काढून खुंट्या केल्या. क्लॅम्प बेतानंच आवळले. इपॉक्सी जोरात दाबला तर सगळा बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. चोवीस तास हात लावला नाही. उष्णतेनं सैल झालेले फ्रेट पुन्हा दाबून बसवले, कानशीनं एका पातळीत आणले, मग गोलाई दिली.

आणि हातासरशी आणखी एक काम केलं, जे सप्टेंबरातच करायला हवं होतं. शिसवाचा पाट बाविसाव्या फ्रेटशी ५६ मिमी रुंद आहे. पावसाळ्यातला ओलावा १४ टक्के आणि उन्हाळ्यातला ७ धरला, तर उभ्या चिरेचं शिसव तेवढ्यात ०.३ ते ०.४ मिमी आक्रसतं. फ्रेट धातूचा, तो आक्रसत नाही. म्हणजे मार्चमध्ये प्रत्येक बाजूनं कागदाच्या दीड-दोन जाडीएवढं टोक बाहेर येणार आणि सरकत्या तळहाताला खुपणार. फ्रेटची खालची जीभ दोन्ही टोकांशी दीड-दीड मिमी कापून घेतली आणि खाचेची तोंडं शिसवाच्या भुशानं बुजवली. पाट आक्रसला तरी जीभ बाहेर ढकलली जात नाही.

गिटार जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत गेली. ह्या कामाला ठरल्यापेक्षा बावीस तास जास्त लागले. ते मी हिशेबात धरले नाहीत.

त्यानंतर

महिन्यातून एकदा गिटार घेऊन ये, असं तिला सांगितलं होतं. ती आली, प्रत्येक वेळी. नेकचा वाक मोजायला पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मध्ये सातव्याशी फीलर घालायचं, आकडा वहीत लिहायचा. जानेवारीत ०.२२ मिमी. एप्रिलच्या मधल्या आठवड्यात, बाहेर ४० अंशांच्या घरात असताना आणि आर्द्रतामापक २५ वर आलेला असताना, ०.१८. चार महिन्यांत ०.०४ चा फरक. माझ्या मेपलच्या नेकनी इतका कमी फरक कधी दाखवलेला नाही. बारीक तारेच्या बाजूला दोन फ्रेटची टोकं किंचित जाणवली, तिथे कानस फिरवली. सांध्यावर भिंग धरलं, रेघ दिसली नाही.

उरलेल्या तीन पट्ट्या वरच्या फळीवर आहेत. त्यांच्या टोकांवर पेन्सिलीनं चिरल्याची तारीख आणि मामांचा वाडा कुठल्या गल्लीतला ते लिहिलं आहे. मामा मेमध्ये येऊन गेले. भाचीच्या धाकट्या भावाला बास शिकायचा आहे, त्यात एखादी पट्टी चालेल का, असं विचारत होते. बासचं स्केल ८६४ मिमी, नेकला हेडसकट एक मीटरच्या पुढे लांबी लागते. मी टेप लावून पाहिलं. दोन पट्ट्या पुरतात, तिसरीत त्या आठव्या खिळ्याची खूण नेमकी मध्ये येते. पावसाळा जाऊ दे म्हटलंय. दसऱ्यानंतर रंधायला घेईन, आणि रंधेन त्याच तासात चिकटवेन.